उद्या पालकांना घेऊन ये

बाबा,

आज मला तुमचा राग आला आहे. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण असं म्हणणाऱ्यांचे वडील त्यांच्याच शाळेत शिपाई नसावेत. शनिवार आहे, अर्ध्या दिवसाची शाळा सुटली आहे, शिक्षकांच्या खोलीत मी एकटीच आहे आणि समोर एक कागद पडला आहे. आमच्या मोठ्या मॅडमनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, पुढच्या वर्षीच्या दैनंदिनीसाठी मला एक पान करून द्यायला सांगितलंय. 'पाचवी ते आठवीच्या विद्यार्थ्यांची दिनचर्या व त्यांच्याकडून अपेक्षा.' सोमवारी छापायला जायचं आहे. मागच्याच वर्षीचं पान घ्या आणि जरा इकडचं तिकडे करा, म्हणाल्या. मी पहिली ओळ वाचली आणि पेन खाली ठेवलं. 'विद्यार्थ्याने दुसऱ्या घंटेपूर्वी शाळेच्या आवारात यावे. त्यानंतर फाटक बंद होईल. तीन वेळा उशीर झाल्यास पालकांना बोलावण्यात येईल.' तुमच्या शाळेच्या फाटकाशेजारच्या भिंतीवर निळ्या रंगात हेच लिहिलेलं होतं, शब्द न् शब्द हेच. पनवेलच्या त्या भिंतीवरून रोडपालीच्या या कागदावर यायला या वाक्याला तीस वर्षं लागली, आणि वाटेत त्याला कुणी हटकलंसुद्धा नाही.

तुम्हाला आठवत असेल की नाही, माहीत नाही, म्हणून सगळं सांगते. पाचवी आणि सहावीत मी तुमच्या सायकलवरून यायचे. साडेपाचला तुम्ही गाव सोडायचात, सहाला शाळा उघडायचात, वर्गांची कुलपं काढून, पिंप भरून, खडू वाटून होईपर्यंत मी पायरीवर बसून गृहपाठ करायचे. सातवीत आईने पनवेलच्या बाजारात भाजीची पाटी न्यायला सुरुवात केली. ती पहाटेच्या पहिल्या एसटीने जायची. नळ यायचा साडेपाचला, तोही सगळ्या आळीत मिळून एकच. मग पाणी कोण भरणार? हा प्रश्न घरात कुणी विचारलासुद्धा नाही. एका सकाळी तुम्ही सायकलला टांग मारली आणि म्हणालात, "तू पानी भरून ये गाडीनं." झालं. सहा हंडे आणि दोन कळश्या. रांगेत माझ्यापुढे सगळ्या मोठ्या बायका, आणि बारा वर्षांच्या पोरीचा हंडा मागे सरकवणं हे त्यांच्या डाव्या हाताचं काम. नंबर लवकर लागला तर पळस्प्याहून येणारी पावणेसातची गाडी मिळायची. नाही लागला तर सात पाचची. शाळा सात वीसची होती. सात पाचची गाडी मिळाली की उशीर ठरलेला, हे तुम्हाला माझ्याइतकंच माहीत होतं.

तुमच्या फाटकाबद्दल पोरांमध्ये एक गोष्ट प्रसिद्ध होती. काका थांबतात. दुसऱ्या घंटेचा टोला रुळाच्या तुकड्यावर मारण्याआधी तुम्ही एकदा रस्त्याकडे बघायचात. कुणी दप्तर सावरत पळत येताना दिसलं, तर हातातली लोखंडी कांब तशीच धरून खोकल्याचं निमित्त करायचात. सगळ्या शाळेला तो खोकला ठाऊक होता. कुणाच्या मुलाला पडसं झालंय, कुणाची आई दवाखान्यात आहे, कोण भावाला सोडून येतो, तुम्हाला सगळं माहीत असायचं. म्हणून पहिल्यांदा मला उशीर झाला तेव्हा मी घाबरले नव्हते. तुम्हाला मी लांबून दिसले होते. तुम्ही खोकला नाहीत. टोला मारलात, फाटक ओढलंत आणि कडी घातलीत. माझ्याबरोबर आणखी चार पोरं होती. "काका, एकच मिनिट," मी म्हटलं. शाळेत मी तुम्हाला काका म्हणायचे, सगळी पोरं म्हणायची तसंच. घरी बाबा आणि फाटकाच्या आत काका. तुम्ही माझ्या डोक्यावरून पलीकडे बघितलंत आणि म्हणालात, "नियम म्हंजे नियम. प्रार्थना होऊंदे, मग बघू."

त्या दिवसानंतर तुम्ही कुणासाठीच खोकला नाहीत. स्वतःच्या मुलीला आत घेतो असं कुणी म्हणू नये म्हणून तुम्ही सगळ्या शाळेचं फाटक घट्ट केलंत. लेकी बोले सुने लागे म्हणतात, इथे लेकीपायी सगळ्या आळीच्या सुना बाहेर उभ्या. पोरांना काय कळायचं ते कळलं. मधल्या सुट्टीत एकीने माझा डबा पालथा केला आणि म्हणाली, "तुझ्यामुळे काका बिघडले." तिचा लहान भाऊ रोज उशिरा यायचा आणि रोज तुमच्या खोकल्यावर आत शिरायचा. तिचं बरोबरच होतं. तुम्ही कधी हा विचार केलात का हो, की तुमची इभ्रत राखायचं काम तुम्ही माझ्यावर टाकलंत आणि मला विचारलंही नाहीत? पोरांनी तुमच्याबद्दल वाईट बोलायचं, तेसुद्धा मी ऐकायचं, आणि तुम्ही मात्र फाटकाशी ताठ उभे.

तिसऱ्या उशिराचा दिवस. पहिला तास मराठीचा होता, आमच्या वर्गशिक्षिका बाईंचा. बाई वाईट नव्हत्या. त्यांना घाई असायची, इतकंच. त्यांनी हजेरी घेतली, माझ्या नावापुढची तिसरी लाल फुली बघितली आणि मान वर न करता म्हणाल्या, "तीन झाले. उद्या पालकांना घेऊन ये. पालक आल्याशिवाय वर्गात बसायचं नाही." आणि नेमके तेव्हाच तुम्ही दारात होतात. हातात सूचनांची वही. शनिवारी दाखले वाटणार, अशी काहीतरी सूचना होती. वर्ग जे हसला! साठ पोरं बाबा, बाकं वाजवून हसत होती. बाईंच्या लक्षात आलं, त्या लाल झाल्या, पण शब्द मागे घेतला तर वर्ग हातातून जाईल, म्हणून नसेल घेतला. तुम्ही वही पुढे केलीत. बाईंनी सूचना वाचली, सही केली. तुम्ही वही मिटून पुढच्या वर्गात गेलात. मी उभीच होते. जाताना तरी एकदा बघाल असं वाटलं होतं. बघितलं नाहीत.

घरी आल्यावर मी आईपाशी रडले. मला वाटत होतं तुम्ही हसण्यावारी न्याल, म्हणाल की मी उद्या बाईंच्या कानावर घालतो, तिथेच तर असतो. तुम्ही आलात, हातपाय धुतलेत आणि आईला म्हणालात, "उंद्याला माझा पांढरा शर्ट काड." तुम्ही अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. आपण तिघं कधी कुठे गेलो नाही, तुमची रजा म्हणजे मयत किंवा लग्न, आणि माझ्या तीन उशिरांसाठी तुम्ही रजा टाकलीत! सकाळी आपण दोघं एसटीने निघालो. सायकल घरी. त्या दिवशी पाणी शेजारच्या काकूने भरून दिलं, म्हणजे ते एका दिवसात जमण्यासारखं होतं तर. तुम्ही दोन तिकिटं काढलीत आणि खिडकी मला दिलीत. शर्टाच्या घड्या पडलेल्या, पायात लग्नातल्या वहाणा. फाटकावर शाळेतल्या सेविका मावशी कांब घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "ओ भाऊ, आज पाव्हणे का?"

शिक्षकांच्या खोलीत तुम्ही दिवसातून दहा वेळा चहा घेऊन जायचात. त्या दिवशी उंबऱ्याबाहेर थांबलात आणि विचारलंत, "येऊ का बाई?" बाई उठून उभ्या राहिल्या. "अहो काका, तुम्ही कशाला... या ना, बसा." तुम्ही बसला नाहीत. मी तुमच्या मागे उभी होते आणि मनात म्हणत होते, आता सांगा. आता सांगा की नळ साडेपाचला येतो. आता सांगा की सहा हंडे आहेत. फार नाही, एक वाक्य. मला अजून तुमची पाठ दिसते, पांढऱ्या शर्टाच्या आतून घामाने ओली झालेली. तुम्ही हात जोडलेत आणि म्हणालात, "पोरगी जरा आळशी हाय बाई. मी बगतो. परत नाय होनार."

आळशी.

बाबा, या एका शब्दासाठी मी तुम्हाला माफ केलेलं नाही. तुम्ही आजारी होतात, मी रोज दवाखान्यात डबा घेऊन यायचे, तुमचे पाय चेपायचे, आणि पाय चेपतानाही हा शब्द माझ्या हातात असायचा. आई म्हणाली होती, "घरातला शालेत सांगायचा नसतो गो बाय." ती तुमचीच बाजू घेणार. बायको बाजारात पाटी घेऊन बसते, मुलगी नळावर भांडते, हे ज्यांचे कप आपण विसळतो त्यांच्यासमोर कसं सांगायचं, हे मला आज कळतं. कळतं म्हणून राग जातो, असं कुणी सांगितलं? तुमची लाज तुम्ही झाकलीत आणि माझ्या अंगावरचं पांघरूण काढून झाकलीत. मी तेव्हा बारा वर्षांची होते. बाराव्या वर्षी माणसाकडे स्वतःचं असं काय असतं? आपण आळशी नाही, एवढंच माझ्याकडे होतं.

त्या महिन्यात माझा वाढदिवस होता. मला कंपासपेटी हवी होती, वर्षभर सांगत होते. तुम्ही गजराचं घड्याळ आणलंत. हिरवं, वर दोन घंट्या असलेलं. तुम्हीच चावी दिलीत आणि काटा चारवर लावलात. चारला उठून मी नळावर पहिली जाऊन बसायला लागले, आणि खरंच त्यानंतर मला कधी उशीर झाला नाही. गणिताच्या तासाला मी डोळे उघडे ठेवून झोपायचे, ते कुणाच्या फुलीत येत नव्हतं. आता लोक म्हणतात, बघा, शिस्तीतच मुलं घडतात, हिचंच उदाहरण घ्या. तुमच्या निरोप समारंभात मीसुद्धा हेच बोलले. नवीन नोकरी लागलेली, साडी नेसून माइकपुढे उभी राहिले आणि म्हटलं, बाबा इतके शिस्तीचे, की मलाही त्यांनी फाटकाबाहेर ठेवलं, आणि शाळेत काका म्हणायला लावलं. केवढ्या टाळ्या पडल्या. तुम्ही शाल आणि नारळ मांडीवर घेऊन खाली बघत होतात. घरी येताना रिक्षात एवढंच म्हणालात, "बरा बोललीस."

हे सगळं आज का उकरतेय, तेही सांगते. माझ्या सातवीच्या वर्गात एक मुलगी आहे. आई खारघरला साफसफाईच्या कामाला जाते, सहालाच घर सोडते. मुलगी धाकट्या भावाला उठवते, धुते, अंगणवाडीच्या दारात बसवते, ताई आल्या की मग शाळेकडे पळते. आमच्याकडे आता शिपाई नाहीत, एजन्सीचे सुरक्षारक्षक आहेत, ते खोकत नाहीत. फाटक बंद झालं की पालकांच्या फोनवर आपोआप संदेश जातो. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून मी तिला बाहेर उभी बघते. तीन संदेश झाले, गुरुवारी तिची आई आली. कामावरून सुट्टी मागून, चांगला ड्रेस घालून. मी म्हटलं, "रोज उशीर का होतो हो?" मी हे विचारलं, बाबा, मी! आणि ती बाई मुलीकडे न बघता म्हणाली, "मॅडम, तीच आळशी आहे ओ. सकाळी उठत नाही. मी बघते तिच्याकडे." मुलगी स्वतःच्या बुटांकडे बघत होती. मला सगळं माहीत होतं, कारण मुलीने मागे एका निबंधात भावाचं सगळं लिहिलं होतं, आणि मी त्यावर लाल पेनने 'छान' असं लिहिलंही होतं. तरी मी काय केलं? "लक्ष द्या," म्हटलं आणि पुढच्या पालकाला बोलावलं.

म्हणून हा राग. तुमचा, माझ्या मराठीच्या बाईंचा, त्या मुलीच्या आईचा, आणि सगळ्यात जास्त या कागदाचा. काय काय अपेक्षा आहेत या पानावर! नखं कापलेली असावीत. डबा पौष्टिक असावा. गृहपाठ वेळेवर असावा. रात्री लवकर झोपावे, सकाळी लवकर उठावे, दूध प्यावे, पाच मिनिटे व्यायाम करावा. अकरा-बारा वर्षांच्या पोरांना घर नसतं, नळ नसतो, भाऊ नसतो, फक्त नखं असतात, असं समजून कुणीतरी हे लिहिलंय. मी पहिली ओळ खोडली. त्या जागी लिहिलं, 'उशिरा आलेल्या मुलाला आधी आत घ्यावे, मग कारण विचारावे. कारण मुलाने सांगावे, पालकांनी नंतर बोलावे.' मोठ्या मॅडम काय म्हणणार, मला आत्ताच ऐकू येतंय. "अहो, हे विद्यार्थ्यांकडून अपेक्षांचं पान आहे, आपल्याकडून नव्हे." म्हणू देत. सोमवारी मी भांडणार आहे. नाही ऐकलं तर पान दुसऱ्याने करावं, माझं नाव त्याखाली नको. आणि सोमवारी सात वाजता मी स्वतः फाटकावर उभी राहणार आहे. ती मुलगी दिसेपर्यंत खोकत राहीन, घसा बसला तरी चालेल.

इथपर्यंत आले तेव्हा वाटलं, आता हे पत्र मिटावं. मग पानाची शेवटची ओळ वाचली. 'शाळेतील सेवकांना काका, मावशी असे आदराने संबोधावे.' तीही मागच्या वर्षीचीच. तिच्यावर पेन टेकवलं आणि हात पुढे जाईना.

बाबा, पाचवीचा पहिला दिवस. तुमच्या सायकलच्या दांडीवर बसून आले होते. नवीन गणवेश, दोन वेण्या. फाटकाच्या अलीकडे सायकलवाल्याचं दुकान होतं, तिथे मी तुम्हाला थांबायला लावलं आणि उतरले. तुम्ही खाकी घातली होती. मी दहा वर्षांची होते, पण खाकी म्हणजे काय, हे मला पुरतं कळत होतं. मी म्हटलं, "शाळेत मी तुम्हाला काका म्हणीन हां. सगळे म्हणतात ना, तसंच." तुम्ही का म्हणून विचारलं नाहीत. हँडल धरून एवढंच म्हणालात, "म्हन." आणि किल्ल्या चाचपत आत गेलात. मी दोन मिनिटं थांबून मागून आले, म्हणजे आपण बरोबर आलो असं कुणाला वाटायला नको.

त्या निरोप समारंभात, नवऱ्याला, मुलांना, सगळ्यांना मी सांगितलं की तो तुमचा नियम होता. माइकपुढे माझं वाक्य संपलं तेव्हा तुम्ही मान वर करून म्हणू शकला असतात, नाय गो, तूच बोललीस. तुम्ही शालीचे काठ सारखे करत बसलात.

तुमचा राग अजून आहे. ते आळशी मी विसरणार नाही. पण फाटक तुम्ही सातवीत लावलंत. मी पाचवीतच लावलं होतं.